वृत्तपत्रांत आलेलें नांव

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या वार्षिकाविषयीं जिल्ह्यांतील एका वृत्तपत्रानें नऊ ओळी छापल्या. नऊ ओळी म्हणजे फार नव्हेत. किराणा दुकानाच्या जाहिरातीसहि त्याहून अधिक जागा लागते. परंतु त्या दिवशीं शाळेंत जो आनंद झाला तो पाहून शाळेस नवी इमारतच मिळाली कीं काय, असें कोणासहि वाटलें असतें. मुख्याध्यापकांनीं तें कात्रण प्रार्थनेच्या वेळीं वाचून दाखविलें. मधल्या सुट्टींत सूचनाफलकाभोंवतीं मुलांची गर्दी जमली. ज्यांचें नांव आलें होतें ते तर आलेच. पण ज्यांचें आलें नव्हतें तेहि 'आपल्या शाळेचें आलें' म्हणून वाचून गेले. लहान गांवांत वृत्तपत्रांत नांव येणें ही वर्षानुवर्षें सांगण्याची गोष्ट असते. तें कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून कपाटांत ठेवतात, आणि पाहुणे आले म्हणजे चहाबरोबर तेंहि बाहेर येतें.

त्या नऊ ओळींत आमच्या मराठी विभागांतील एका निबंधाचा विशेष उल्लेख होता. निबंध पूर्णगडाविषयीं होता, आणि तो लिहिणारा विद्यार्थी त्याच गांवचा. रत्नागिरीच्या दक्षिणेस, मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, टेकडीवर हा लहानसा किल्ला उभा आहे. खालीं खाडी, होड्या आणि माड. वर तटबंदी आणि दरवाजावर कोरलेले गणपति व सूर्यचंद्र. मुलानें हें सारें लहानपणापासून पाहिलें होतें, म्हणून त्याच्या वाक्यांत जीव होता. आजोबांकडून ऐकलेली एक गोष्टहि त्यानें निबंधांत घातली होती: शिवछत्रपतींनीं बांधलेला हा अखेरचा किल्ला, त्यांचें दुर्ग बांधण्याचें कार्य येथें पूर्ण झालें, म्हणून याचें नांव पूर्णगड. वृत्तपत्रानें लिहिलें होतें, "पूर्णगडावरील निबंध मनोवेधक आहे; परंतु ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून सांगण्यापूर्वीं तिला आधार कोणता, हें पाहावयास हवें होतें."

पुढें पालकांस पाठविण्याच्या पत्रकांत 'वृत्तपत्राचा अभिप्राय' या मथळ्याखालीं तो मजकूर छापण्याचें ठरलें, आणि तें काम आमच्याकडे आलें. जागा थोडी होती. आम्हीं शाळेच्या स्तुतीचीं वाक्यें घेतलीं, आणि निबंधाविषयीं "पूर्णगडावरील निबंध मनोवेधक आहे." एवढेंच छापलें. खोटा शब्द आम्हीं एकहि घातला नाहीं. जेथें अर्धविराम होता तेथें पूर्णविराम दिला, इतकेंच.

चार दिवसांनीं तो विद्यार्थी वर्गाबाहेर आमची वाट पाहत उभा होता. त्याच्या एका हातांत आमचें पत्रक होतें व दुसऱ्या हातांत मूळ वृत्तपत्र. त्याच्या वडिलांचें बंदरावर लहानसें दुकान आहे. त्यांनीं तो अंक जपून ठेवला होता. मुलगा म्हणाला, "सर, ह्यांत अर्धविराम आहे आणि आपल्या पत्रकांत पूर्णविराम आहे. बाबा म्हणाले, छापतांना चूक झाली असेल, सरांना सांगून ये."

आम्हांस लगेच उत्तर देतां आलें नाहीं. चूक छापखान्याची नव्हती. मुलाचें मन दुखवूं नये म्हणून आपण तें वाक्य गाळलें, अशी आम्हीं स्वतःची समजूत करून घेतली होती. पण त्या मुलासमोर उभे असतांना तीहि टिकेना. निबंध आम्हींच तपासला होता. 'आधार कोणता?' हा प्रश्न लाल शाईनें समासांत आम्हीं लिहावयास हवा होता. तो आम्हीं लिहिला नाहीं, म्हणून वृत्तपत्रास लिहावा लागला. जें वाक्य आम्हीं गाळलें तें मुलाचा दोष दाखवीत नव्हतें. तें आमचा दोष दाखवीत होतें.

हा पाठ आम्ही त्या अर्धविरामासाठीं लिहीत आहों.

विद्यार्थी मित्रहो, जो कोणी कांहीं प्रकाशित करतो, मग तें शाळेचें वार्षिक असो, मासिक असो किंवा पुस्तकें काढणारी मोठी कंपनी असो, त्यास वृत्तपत्रांत आपलें नांव पाहून आनंद होतो, व तो आनंद तो चारचौघांत साजरा करतो. 'अमुक पत्रानें आमची दखल घेतली' अशा यादीच्या यादी प्रकाशक छापतात. पुस्तकाच्या मलपृष्ठावर, मासिकाच्या शेवटच्या पानावर, आणि आतां मोबाइलच्या पडद्यावरहि त्या तुम्हांस दिसतील. यांत वाईट कांहींच नाहीं. लिहिणारास धीर येतो, नवा वाचक मिळतो, आणि ज्यानें आपले पैसे या कामांत घातले त्यास तें अगदींच वाऱ्यावर गेले नाहींत असा भरंवसा वाटतो. शिवाय आपल्या तोंडानें आपली स्तुति शोभत नाहीं. तीच दुसऱ्याच्या तोंडून आली म्हणजे साक्ष ठरते. परंतु साक्ष म्हटली कीं साक्षीदाराची उलटतपासणी आलीच. ती कशी करावी, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

पुस्तकाचा किंवा मासिकाचा उल्लेख वृत्तपत्रांत चार प्रकारांनीं येतो.

पहिला प्रकार पोच. प्रकाशक संपादकाकडे पुस्तक अभिप्रायार्थ पाठवितो. बहुधा दोन प्रती पाठविण्याची रीत आहे. पुस्तक मिळालें म्हणून संपादक 'साभार पोच' या सदरांत त्याचें नांव, लेखक, प्रकाशक, पृष्ठें व किंमत छापतो. पोच ही पावती होय. पेटी पोंचल्याची पावती मिळाली म्हणून पेटींतला हापूस गोड ठरत नाहीं; तो कापून खावा लागतो.

दुसरा प्रकार परिचय. यांत पुस्तकांत काय आहे तें सांगितलेलें असतें. तें कसें आहे हें बहुधा सांगितलेलें नसतें. परिचय उपयोगी असतो, पण तो लिहिणारानें सगळें पुस्तक वाचलेंच असेल असें धरून चालूं नये. कित्येकदां प्रस्तावना व मलपृष्ठ यांवर परिचयाचें काम भागतें.

तिसरा प्रकार परीक्षण. परीक्षणकर्ता पुस्तक शेवटपर्यंत वाचतो, गुण सांगतो, दोष सांगतो, दोहोंचीं कारणें देतो, आणि खालीं आपलें नांव घालतो. उद्यां कोणी 'असें कां लिहिलें?' म्हणून विचारलें तर उत्तर देण्याची त्याची तयारी असते.

चौथा प्रकार जाहिरात. ही पैसे देऊन छापून घेतलेली असते. जाहिरात जाहिरातीच्या वेषांत आली तर तींत कपट नाहीं. ती बातमीचा किंवा अभिप्रायाचा वेष घेऊन आली म्हणजे कपट होतें.

हे चार प्रकार मूळ पत्रांत निरनिराळ्या पानांवर असतात. परंतु प्रकाशकाच्या यादींत ते एका रांगेंत बसतात. 'बारा वृत्तपत्रांनीं दखल घेतली' असें वाचलें म्हणजे बारा जणांनीं वाचून प्रशंसा केली असें आपणांस वाटतें. त्यांत दहा पोंचा, एक परिचय व एक जाहिरात असूं शकेल. संख्या खरी, आणि तरी समजूत खोटी.

या साक्षीस मराठींत एवढें वजन कसें आलें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जाऊं. सन १८३१ मध्यें मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं मराठी पंचांग छापलें. छापलेल्या पंचांगाचें ज्या काळीं नवल होतें, त्या काळीं पुस्तक चांगलें कीं वाईट हा प्रश्न पुढचा; तें छापलें गेलें हेंच विशेष. पुढच्याच वर्षीं, ता. ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईंत 'दर्पण' पत्र सुरू केलें. बाळशास्त्री आपल्याच कोंकणचे. त्यांचें गांव पोंभुर्लें. तें पूर्वीं रत्नागिरी जिल्ह्यांत होतें, व सन १९८१ मध्यें जिल्ह्याची वांटणी झाल्यापासून सिंधुदुर्गांत आहे. 'दर्पण' आरंभीं पाक्षिक होतें, त्याच वर्षाच्या मे महिन्यांत तें साप्ताहिक झालें, आणि त्यांत इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत येत असे. बाळशास्त्री शिक्षकहि होते, आणि त्यांचें पत्र वाचतांना वर्गांत बसल्याचा भास होतो. सन १८४० मध्यें 'दर्पण' बंद पडलें. परंतु महाराष्ट्रांत ६ जानेवारी हा दिवस आजहि पत्रकार दिन म्हणून पाळतात.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्या. जोंवर पत्र एकच आहे तोंवर त्याचें बरेंवाईट बोलण्यास छापील असें दुसरें तोंडच नसतें. दुसरें पत्र निघालें म्हणजे पहिल्यास साक्षीदार मिळतो. सन १८४१ मध्यें भाऊ महाजन यांचें 'प्रभाकर' निघालें, व सन १८४८ पासून लोकहितवादींचीं शतपत्रें त्याच पत्रांतून प्रसिद्ध होऊं लागलीं. सन १८४२ मध्यें अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथून अमेरिकन मराठी मिशननें 'ज्ञानोदय' सुरू केलें. सन १८४९ मध्यें पुण्यास 'ज्ञानप्रकाश' निघालें. हीं पत्रें एकमेकांकडे पाहूं लागलीं, एकमेकांस उत्तरें देऊं लागलीं. मिशनरी मंडळींच्या उपदेशास उत्तर देण्यासाठीं सन १८४४ मध्यें मोरभट दांडेकर यांनीं 'उपदेशचंद्रिका' हें मासिकच काढलें. हा उल्लेख स्तुतीचा नव्हता, हें सांगणें नको. तरी एका माणसास केवळ उत्तर देण्यासाठीं मासिक काढावेंसें वाटलें, यावरून समोरचें लेखन वाचलें जात होतें हें सिद्ध होतें. नुसत्या पोंचेच्या दहा ओळींपेक्षां विरोधकाचें एक सविस्तर उत्तर अधिक प्रामाणिक साक्ष देतें. कारण उत्तर देणारास आधीं वाचावें लागतें.

पुस्तकांची रीतसर पारख करण्याचें काम पुढें मासिकांनीं अंगावर घेतलें. 'विविधज्ञानविस्तार' सन १८६७ मध्यें निघालें व सुमारें सात दशकें चाललें. त्यांतील पुस्तकपरीक्षणांची वाचक वाट पाहत. सन १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं 'निबंधमाला' आरंभिली. सात वर्षें त्यांनीं ती चालविली. त्यांची लेखणी तिखट होती, आणि तिच्या तडाख्यांतून मोठीं माणसेंहि सुटलीं नाहींत. अशा पत्रांनीं दोष दाखविण्याचें धैर्य दाखविलें, म्हणूनच त्यांनीं केलेल्या स्तुतीस किंमत आली. ज्याच्या तोंडून कधीं 'नाहीं' निघत नाहीं, त्याच्या 'होय'चा अर्थ काय? वर्गांतील सगळ्यांस शंभरांपैकीं शंभर गुण देणाऱ्या परीक्षकाचें गुणपत्रक घरीं नेऊन कोणाचें समाधान होईल?

वाचक वाढले तसा व्यवहारहि वाढला. काशीनाथ रघुनाथ आजगांवकर, ज्यांस लोक 'मित्र' या नांवानें ओळखीत, त्यांनीं सन १८९५ मध्यें 'मनोरंजन' मासिक काढलें, व सन १९०९ मध्यें त्याचा खास दिवाळी अंक प्रसिद्ध केला. आज घरोघरीं येणाऱ्या दिवाळी अंकांची परंपरा तेथून सांगतात. दिवाळी अंक एक असतो तेव्हां वाचक तो घेतो. शेंकडों झाले म्हणजे कोणता घ्यावा हें त्यास कोणीतरी सांगावें लागतें. मग वृत्तपत्रांतील दिवाळी अंकांच्या परिचयास महत्त्व येतें, आणि तो परिचय कसा मिळवावा याचीहि खटपट सुरू होते. सन १९६४ मध्यें तर पुस्तकें व त्यांचे प्रकाशक यांनाच वाहिलेलें 'ललित' मासिक निघालें. त्याच मासिकांत जयवंत दळवी यांनीं 'ठणठणपाळ' या नांवानें लेखक-प्रकाशकांच्या बडेजावाची कित्येक वर्षें थट्टा केली. ग्रंथव्यवहाराच्या मासिकानेंच ग्रंथव्यवहाराची थट्टा छापावी, आणि वाचकांनीं तेंच पान आधीं उघडावें, ही मराठी वाचकाच्या शहाणपणाची खूण आम्ही समजतों.

येथवर आपण साक्षीदाराचा मान पाहिला. परंतु साक्षीदार चुकतोहि. 'केसरी' सन १८८१ च्या जानेवारींत निघाला. त्याच सुमारास कोल्हापूरच्या तरुण महाराजांस वाईट रीतीनें वागविलें जातें अशा वार्ता येत होत्या, आणि तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर दोष ठेवणारा मजकूर 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत प्रसिद्ध झाला. ज्या पत्रांचा आधार घेतला होता तीं बनावट ठरलीं. अब्रुनुकसानीचा खटला झाला, व सन १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची साधी शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. हेतु चांगला, माणसें मोठीं, आणि तरी आधार खोटा निघाला. 'आधार कोणता?' हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यापुरता नाहीं, हें यावरून दिसेल.

चूक ही एक गोष्ट, आणि विक्री ही दुसरी. सन २००९ च्या निवडणुकांच्या वेळीं पैसे घेऊन उमेदवारांच्या स्तुतीच्या बातम्या छापल्या गेल्या, असा बोभाटा महाराष्ट्रांत व अन्यत्र झाला, आणि भारतीय प्रेस परिषदेस त्या प्रकरणाची चौकशी करावी लागली. तेथें जाहिरातीनेंच बातमीचा वेष घेतला होता. जी स्तुति विकत घेतां येते तिला साक्ष म्हणतां येत नाहीं. तेव्हां 'छापून आलें आहे' एवढ्यावरून गोष्ट खरी ठरत नाहीं, आणि थोर ठरत नाहीं हें तर उघडच आहे.

मग वृत्तपत्राच्या स्तुतिनिंदेस कांहींच अर्थ नाहीं काय? अर्थ आहे, पण तो अखेरचा निकाल नव्हे. तीन उदाहरणें पाहा.

जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' सन १८७३ मध्यें प्रसिद्ध झाली. 'निबंधमाले'नें जोतीरावांच्या लेखनाची कडक टर उडविली. भाषा, व्याकरण, विचार, कांहींच वाखाणलें नाहीं. त्या काळच्या सर्वांत प्रबळ टीकाकारानें असा निकाल दिला असतां तें पुस्तक विस्मृतींत जावयास हवें होतें. आज दीडशें वर्षें उलटून गेलीं. 'गुलामगिरी' छापली जात आहे, वाचली जात आहे, दुसऱ्या भाषांतहि गेली आहे.

दुसरें उदाहरण आपल्याच तालुक्यांतलें. केशवसुत मालगुंडचे, शिक्षकाचा पेशा, बेताची मिळकत. मासिकांतून त्यांच्या कविता येत असत, परंतु सन १९०५ मध्यें त्यांचा अंत झाला तोंवर त्यांच्या कवितांचें पुस्तक निघालें नव्हतें. तें पुढें हरि नारायण आपटे यांनीं काढलें. जिवंतपणीं ज्यास आपलें पुस्तक हातांत घेतां आलें नाहीं, त्या कवीस आज आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतात, आणि मालगुंडास त्यांचें स्मारक उभें आहे.

तिसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. त्यांस शाळेचें शिक्षण नव्हतें. अक्षरओळख झाली तीहि लग्नानंतर. त्यांच्या आठवणी आधीं 'संजीवनी' मासिकांतून आल्या, व 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग सन १९३४ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. हें पुस्तक टिकलें तें कात्रणांच्या बळावर नव्हे. एका वाचकानें दुसऱ्याच्या हातीं दिलें, आईनें मुलीस वाचून दाखविलें, शिक्षकानें वर्गांत एक उतारा वाचला आणि मुलें हसलीं. वृत्तपत्र दार उघडून देतें. आंत येऊन बसावयाचें कीं नाहीं, हें वाचक ठरवितो.

आतां व्यवहाराकडे वळूं. पुढच्या वेळीं पुस्तकाच्या मलपृष्ठावर, दिवाळी अंकांत किंवा मोबाइलवर एखाद्याची छापील प्रशंसा दिसली, तर पांच प्रश्न विचारावे. पहिला: हें कोणी लिहिलें? नांव आहे, कीं नुसतें 'एक प्रसिद्ध पत्र' असें आहे? दुसरा: ही पोच आहे, परिचय आहे, परीक्षण आहे, कीं जाहिरात आहे? तिसरा: वाक्य पुरें आहे काय? जेथें वाक्य अकस्मात् संपतें किंवा मध्यें टिंबें येतात, तेथें काय गळलें असेल, हें मूळ अंक काढून पाहावें. चौथा: स्तुतीस कारण दिलें आहे काय? 'अप्रतिम', 'अद्वितीय', 'संग्राह्य' हीं विशेषणें कोणत्याहि पुस्तकास चिकटवितां येतात. ज्या विशेषणामागें पुस्तकांतलें एखादें स्थळ दाखविलेलें नाहीं, तें रिकाम्या करवंटीसारखें. पांचवा: लिहिणारास या पुस्तकाच्या खपांत कांहीं लाभ आहे काय? हे पांच प्रश्न विचारून झाल्यावर सहावें काम उरतें, तें म्हणजे पुस्तक स्वतः वाचणें. त्याची जागा कोणतेंहि कात्रण घेऊं शकत नाहीं.

पालकांसहि एक विनंती आहे. आपल्या मुलाचें नांव छापून आलें म्हणजे आपणांस अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु ज्या दिवशीं छापील कौतुक येईल त्याच दिवशीं मुलाजवळ बसून मूळ निबंध वाचावा, मूळ चित्र पाहावें, त्यानें तें कसें केलें हें विचारावें. मुलास कात्रणाचा अभिमान शिकविणें सोपें आहे. कामाचा अभिमान शिकविण्यास वेळ द्यावा लागतो. आणि कात्रणांत दोष दाखविला असेल तर तें घडी घालून लपवूं नये. ज्यानें दोष दाखविला त्यानें निदान शेवटपर्यंत वाचलें आहे. तेवढ्यापुरता तो आपल्या मुलाचा हितचिंतकच.

आतां आमच्या पूर्णविरामाची गोष्ट पुरी करतों. त्या दिवशीं आम्हीं मुलास खरें तें सांगितलें. मुख्याध्यापकांच्या संमतीनें पूर्ण अभिप्राय पुन्हां छापून पालकांस पाठविला, व पहिल्या पत्रकांत कोणतें वाक्य गाळलें होतें हेंहि त्यांत लिहिलें. पुढच्या रविवारीं पूर्णगडास जाऊन मुलाच्या वडिलांस भेटलों. छापखान्याची चूक नव्हती, ती आमची होती, असें सांगितल्यावर ते थोडा वेळ खाडीकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, "बरं तर सर, मी दोन्ही कागद ठेवतों." मुलानें सुट्टींत पुन्हां शोध घेतला. किल्ला शिवकालाशीं जोडणारी गोष्ट त्यास मिळाली, तसें आंग्र्यांशीं जोडणारें मतहि मिळालें. यंदाच्या अंकांत त्याचा निबंध सुधारून पुन्हां दिला आहे. आजोबांची गोष्ट त्यानें काढून टाकलेली नाहीं. तिच्यापुढें 'असें गांवांत सांगतात' हे शब्द घातले आहेत, आणि दुसरें मत तिच्या शेजारीं ठेवलें आहे. आमच्या मतें निबंध पूर्वींपेक्षां चांगला झाला आहे. पण आम्ही त्याचे शिक्षक आहों, तेव्हां ही साक्षहि तपासून घ्यावी.

यंदाच्या अंकाविषयीं कोणा वृत्तपत्रानें कांहीं लिहिलें, तर तें आम्ही जसेंच्या तसें छापूं, अर्धविरामासकट.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पोच, परिचय, परीक्षण व जाहिरात यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा. घरीं येणाऱ्या वृत्तपत्राच्या एका आठवड्याच्या अंकांतून प्रत्येकाचें एकेक उदाहरण शोधा.

२. 'दुसरें पत्र निघालें म्हणजे पहिल्यास साक्षीदार मिळतो.' या वाक्याचें स्पष्टीकरण सन १८३२ ते १८४९ या काळांतील पत्रांच्या आधारें करा.

३. सन १८८२ च्या खटल्यावरून लेखकानें व वाचकानें कोणता बोध घ्यावा?

४. एका पुस्तकाच्या मलपृष्ठावरील अभिप्रायास पाठांतील पांच प्रश्न विचारा, व मिळालेलीं उत्तरें लिहून काढा.

५. तुमच्या गांवच्या नांवाविषयीं घरांतील वडील माणसें काय सांगतात तें लिहा. त्यांतील कोणत्या गोष्टीस आधार आहे व कोणती 'असें सांगतात' या सदरांत ठेवावी, हें ठरवा.

पूर्णगड — एक शिक्षक